बसूअण्णांच्या भट्टीत जपान

आमच्या पल्लवीला जपानातून परत आणण्यासाठी मी एक किलो हरभऱ्याची डाळ शिजवायला लावली.

(शिजवली बायकोने, मंगलने. योजना तेवढी माझी.) त्याचं असं झालं, नोकरीसाठी तिकडं गेल्यापासून पोरगी दर रविवारी फोनवर एकच गोष्ट रंगवून सांगायची: घराजवळची छोटी बेकरी आणि तिथला, लाल घेवड्याचं गोड सारण भरलेला गरम बन. आनपान म्हणतात त्याला. "परत कधी येणार?" असं विचारलं, की ती नेमका त्या बनाचा घास घ्यायची. मला तो बन वैऱ्यासारखा वाटू लागला. तो बेळगावात मिळाला, की तिला तिकडं राहायला कारणच उरणार नाही, असं मी ठरवून टाकलं.

"म्हणजे पुरणच की ते," मंगल म्हणाली. "पण लई सैल झालंय बघा. अजून आटवाय पाहिजे."

"आटतंय भट्टीत," म्हणत मी डबा उचलला.

दिवाळी तोंडावर आलेली. गल्लीच्या टोकाला बसूअण्णांच्या बेकरीत सगळ्या बायका आपापलं तूप, मैदा, साखर आणून नानकटाई भाजून घेत होत्या. प्रत्येकीच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी. मी मध्येच घुसलो.

"सर, सारण कमी घालूया," बसूअण्णा म्हणाले. "बन फुटतंय न्हवं?"

"हात आखडू नका अण्णा. जपानी लोक भरपूर घालतात." (जपानी माणूस मी आजवर समोर पाहिलेला नाही.)

बन सगळ्यात वरच्या कप्प्यात गेले. थोड्या वेळानं पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. मी ऐटीत फोन भट्टीच्या तोंडाशी धरला. "बघ, तुझी बेकरी गल्लीत आणली!"

बसूअण्णांनी दार उघडलं. एकूण एक बन फुटला होता. पुरण वरून खाली कप्प्याकप्प्यातून ओघळून गल्लीभरच्या नानकटाईवर पसरलं होतं. चिठ्ठ्या गुळात बुडून काळ्या पडलेल्या.

"ह्यातली माझी कुठली?" शेजारच्या शांताक्कांनी विचारलं. "आनि हे वर काय सांडलंय?"

"जपान," बसूअण्णा म्हणाले.

हसायचं की मला धरायचं, हे बायकांचं ठरेना. फोनमध्ये पल्लवी मात्र पोट धरून हसत होती. मग हसू आवरत म्हणाली,

"बाबा, ती भट्टी बघून कसंतरी झालं. दिवाळीत ट्रे धरून मीच यायचे ना तिथं? त्यातली थोडी नानकटाई पाठवा की. पुरण लागलेलीच."

 तुझ्याशिवाय घर खायला उठतं गं, एवढंच मला सांगायचं होतं. पण अख्खी गल्ली ऐकत होती, म्हणून मी "बरं, पाठवतो" म्हणालो.

सगळ्यांना नवीन मैदा-तूप आणून दिलं आणि बिघडलेली नानकटाई घरी आणली. त्यातला एक डबा जपानला गेला. मग तिनं खारी मागितली. मग टोस्ट, मंगलचा मसाला, आपल्या बेळगावचा खव्याचा कुंदा. परवा रविवारी पल्लवी अगदी समाधानानं म्हणाली, "बाबा, आता बेळगावची तेवढी आठवण येत नाही. सगळं इथंच पोचतंय की."

तिकडं राहायला कारण उरू नये म्हणून निघालेला मी, इकडं यायची कारणंच एकेक करून डब्यात भरतो, वर चिकटपट्टी लावतो आणि पोस्टात देऊन येतो.