एका हाताने उतरणारं जाकीट

नववीचा तास चालू होता. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि त्याने मला हातानेच बाहेर बोलावलं. ऑफिसात फोन आला होता... हसन गेला. सकाळी चहाचा कप उचलला, छातीत कळ येतेय म्हणाला आणि रिक्षा गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो बंदरावर एका लाँचचं इंजिन उघडून बसला होता. मी वर्गात परत गेलो, फळ्यावर अर्धं राहिलेलं गणित पुरं केलं आणि मग निघालो. असं का केलं, ते मला आजही सांगता येत नाही.

आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. मी बौद्धवाडीतला, तो बंदराजवळच्या मोहल्ल्यातला. दहावीनंतर मी शिकत राहिलो आणि तो मामाच्या हाताखाली बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागला. मी नोकरीला लागायच्या आधीपासूनच तो मला 'मास्तर' म्हणायचा. त्याच्या कामाचं मला काही कळत नसे, पण लांबून येणाऱ्या लाँचचा आवाज ऐकून तिचं काय बिघडलंय ते तो सांगायचा आणि ते खरं निघायचं, एवढं मी अनेकदा पाहिलं होतं. पन्नाशी ओलांडली त्या वर्षी जाळं ओढायच्या यंत्रात त्याचा डावा हात सापडला. मनगटापासून पुढचा हात काढून टाकावा लागला.

दवाखान्यातून घरी आल्यावर एका बोटमालकाने त्याला जाळ्यांच्या शेडवर राखण करायचं काम देऊ केलं. माणूस भला होता, मनापासून म्हणत होता. हसनने त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. मी गेलो तेव्हा म्हणाला, "इंजिन उघडायला एक हात पुरतो, मास्तर. खाली उतरायला पुरत नाय." अडचण खरंच तेवढीच होती. इंजिनघरात उभ्या शिडीने उतरायचं तर एक हात शिडीला लागतो. मग पाने, पक्कड, बॅटरी घ्यायची कशात? त्याच्या बायकोने, जुबेदावहिनींनी, खिशांचा ॲप्रन शिवून दिला, त्याचे खिसे वाकलं की रिकामे व्हायचे. खांद्याला पिशवी लावली, तर ती एकदा झुलत झुलत थेट इंजिनाच्या चालू पट्ट्याजवळ गेली. अंगाला घट्ट बसेल असंच काहीतरी हवं होतं. फौजेतून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याने सांगितलं, की लष्कराची जुनी जाकिटं मिळतात आणि त्यांतल्या काहींचे खिसे हवे तिथे हलवता येतात.

वहिनींचा मात्र ठाम विरोध होता. एवढं लोखंड छातीला बांधून हा माणूस पाण्यावर जाणार, तोल गेला तर सरळ तळाला जाईल, असं त्यांचं म्हणणं. ते काही चूक नव्हतं. हसनने वाद घातला नाही. जे जाकीट एका झटक्यात, एका हाताने सुटेल तेच आणीन, नाहीतर हात हलवत परत येईन, असं त्याने त्यांना कबूल केलं.

मग आम्ही एस.टी.ने आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो. लष्कराचा जुना माल विकणारं दुकान होतं, आत कॅनव्हास आणि डांबरगोळ्यांचा वास. हसनने घरून येताना आपली सगळी हत्यारं आणली होती. ती त्याने दुकानदाराच्या काउंटरवर ओळीने मांडली. पहिलं जाकीट दिसायला झकास, पण चेनवालं. चेन ओढायची तर दुसऱ्या हाताने कापड धरावं लागतं, शिवाय खाऱ्या हवेत ती महिनाभरात अडकली असती. दुसऱ्याचे खिसे खरखरीत चिकटपट्टीने बंद व्हायचे. तेलकट चिंधीचे धागे त्याने त्या पट्टीत दाबून दाखवले, मग ती धड चिकटेना. तिसरं विटलेलं होतं. त्याला एकही खिसा नव्हता, छातीभर नुसत्या आडव्या पट्ट्या शिवलेल्या, आणि त्यांत ओवून बसवायचे सुटे खिसे वेगळे. हसन जमिनीवरच बसला. सगळे खिसे त्याने डाव्या बाजूला ओवले, म्हणजे उजवा हात सरळ तिथे पोचेल. उजवी बाजू मोकळी ठेवली, इंजिनाशेजारी कुशीवर झोपून काम करता यावं म्हणून. मग डोळे मिटले आणि मला एकेका हत्याराचं नाव घ्यायला सांगितलं. दोनदा चुकला, खिसे पुन्हा हलवले, पुन्हा डोळे मिटले.

अंगात घालताना तो अडखळला, तेव्हा दुकानदार न राहवून मदतीला पुढे आला. हसन त्याला म्हणाला, "आज तुम्ही घालून दिलंत. उद्या बोटीवर कोण येणार?" दुकानदार स्टुलावर जाऊन बसला. अंगावर नीट चढायला बरेच प्रयत्न लागले, घामाने सदरा भिजला. उतरवायला मात्र छातीवरची एक दोरी होती. ती ओढली, की पुढचा आणि मागचा भाग सुटून सगळं धाडकन खाली. हसनने सलग दहा वेळा ओढली. शेवटी जाकीट पुन्हा जोडून द्यायला दुकानदारच उत्साहाने वाकायला लागला होता.

तरी वहिनींना ते फरशीवरचं सुटणं पुरेसं वाटलं नाही. त्यांनी त्याला हत्यारांसकट खाडीत छातीभर पाण्यात उभं केलं, स्वतः काठावर थांबल्या आणि आठवडाभर रोज भरतीला सराव करून घेतला. त्यानंतरच त्याला बंदरावर जाऊ दिलं. पहिलं इंजिन चालू झालं त्या दिवशी तो माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, अंगभर ग्रीस, नुसता हसत.

पुढच्या वर्षी वहिनींची भीती खरी ठरली. दोन लाँचींच्या मधल्या फळीवरून हसनचा पाय सरकला आणि तो खाली गेला. लोक धावले, दोर टाकला. तेवढ्यात तो वर आला, जाकिटाशिवाय. दुसऱ्या दिवशी ओहोटीला, सगळे नको म्हणत असताना, तो गळ घेऊन गेला आणि चिखलातून जाकीट ओढून काढलं. दोन पाने गेले होते. घरी येऊन त्याने वहिनींना एवढंच सांगितलं, "तुझा सराव कामी आला." त्यांनी तोंड फिरवलं आणि त्याला जेवायला वाढलं. दुपारी तो पुन्हा कामावर होता. त्यानंतर दोन वर्षं, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत, तो रोज इंजिनघरात उतरला.

हसनचा चाळिसावा दिवस होऊन गेल्यावर मी एका रविवारी त्यांच्याकडे गेलो. मागच्या पडवीत जुबेदावहिनी घमेल्यात गोडं पाणी घेऊन बसल्या होत्या आणि जाकिटाच्या पट्ट्या एकेक करून चोळत होत्या. दर आठवड्याला त्या धुतात म्हणे, मग गंजू नयेत म्हणून कड्यांना खोबरेल लावतात. आता ते कोणी वापरत नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांना ते कळलं असावं.

"वारा अजून खाराच आहे ना, भावजी," त्या म्हणाल्या.

मी विहिरीवरून आणखी एक बादली काढून आणली.