राहता येत होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मंदारला नाही — माझा नवरा, इतकी वर्षं एका छपराखाली — आईला नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच नाही. दोन माणसांना यातलं अर्धं ठाऊक आहे. जे त्यांना ठाऊक नाही तेच खरं वाईट. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — जाऊ दे. कारणं शोधायला बसले की मला फार छान सापडतात.

आधी गाण्याचं सांगते. ते सोपं आहे.

मी टोकियोत, हिगाशी-कसाईत राहते. मंदारच्या आयटीच्या नोकरीपायी आलो आणि राहिलो. लेक सई इथलीच. ती दोन वर्षांची असताना वॉर्डच्या कम्युनिटी सेंटरमध्ये मला मोरिता-सान भेटल्या. साठीच्या, बुटक्या, एक शब्द जास्त बोलतील तर शपथ. त्यांच्या नवऱ्याचा एक छोटा बार होता, तिथे फक्त अमेरिकन कंट्री गाणी वाजायची. नवरा गेला, बार गेला, बँजो राहिला. आणि माझ्या बाबांनी कधीकाळी परदेशातून कॅसेटींचा एक खोका आणलेला, त्यामुळे कोथरूडच्या दोन खोल्यांत बसून मी घोडे, मका आणि मालगाड्यांची गाणी तोंडपाठ केलेली. एक जपानी विधवा, एक पुण्याची बाई, आणि गाणी टेक्सासची! पण जमलं हो. दोघींनी गवताच्या रुंद टोप्या घेतल्या आणि नाव ठेवलं ‘टोपीवाल्या बहिणी’. मध्येच मी जात्यावरच्या ओव्या म्हणायचे आणि मोरिता-सान त्यामागे बँजो वाजवायच्या. लोकांना काय आवडायचं, तर नेमकं तेच.

मग भूकंप झाला.

आता इथे मी जरा अडखळणार. अडखळू द्या.

चौथ्या दिवशी मंदारच्या ऑफिसने तिकिटं हातात ठेवली. मी तासाभरात बॅग भरली. सई चार वर्षांची, जमीन अजून हलत होती, टीव्हीवर त्या अणुभट्टीचं चित्र — गेलो. मंदार दोन आठवड्यांत परतला, मी आणि सई सात आठवडे पुण्यात राहिलो. आंबे खाल्ले. त्यात गुन्हा नाही, हे मलाही कळतं. चार वर्षांचं पोर घेऊन कुठलीही आई गेली असती. मोरिता-सानना मी कळवलंसुद्धा नाही, ते मात्र वाईट. परत आले तर घरात पाण्याच्या सहा बाटल्या, मंदारला दाराशी सापडलेल्या. नळाचं पाणी लहान मुलांना देऊ नका असं जाहीर झालं तेव्हा त्या सईसाठी रांगेत उभ्या राहिल्या होत्या. बेल वाजवली, दार उघडलं नाही, बाटल्या ठेवून गेल्या. वर चिठ्ठी: सई-चानसाठी.

त्या उन्हाळ्यात मोरिता-सान म्हणाल्या, उत्तरेला जाऊन गाऊया. त्यांच्या लहानशा गाडीत बँजो, गिटार, दोन टोप्या. ज्यांची घरं त्सुनामीच्या लाटेने नेली त्यांच्यासाठी तात्पुरत्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या. तिथल्या सभागृहात पहिला कार्यक्रम. वसाहतीचे प्रमुख माइक घेऊन उभे राहिले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, “परदेशी लोक विमानं भरभरून जात होते तेव्हा या वैदेही-सान लहान मुलीला घेऊन आपल्याबरोबर जपानमध्ये राहिल्या.”

कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणीच नाही. भला माणूस आपला धरून चालला. आणि टाळ्या! पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली, पुढे आली आणि माझे दोन्ही हात हातात धरून उभीच राहिली. तिच्या हाताची कातडी पार कोरडी, खरखरीत. ती रडत होती. एका वाक्याचं काम होतं हो — नाही, मीही गेले होते. जपानीत तर त्याहून छोटं. मोरिता-सान मान खाली घालून बँजो जुळवत बसल्या. जुळलेलाच होता तो. त्या मला वेळ देत होत्या, हे मला तेव्हाही कळलं.

मी म्हटलं, “हाय.” म्हणजे ‘हो’.

परतताना गाडीत त्या एकदाच बोलल्या. “पुढच्या वेळी खरं सांगा, वैदेही-सान. कुणी रागावणार नाही.” मी पुन्हा म्हटलं, हाय. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. पण माझी ओळख करून दिली जात असताना दरवेळी त्यांची मान खाली आणि हात बँजोच्या खुंट्यांवर. दरवेळी!

आणि मी? मी पुढच्या कार्यक्रमात पाण्याच्या रांगेची गोष्ट सांगितली. कडेवर सई, थंडीत दोन तास उभी होते, मिळालेल्या बाटल्या छातीशी धरून घरी आणल्या. बाया पदराने — पदर कसला, रुमालाने — डोळे पुसत होत्या. आयत्या पिठावर रेघोट्या! जिची गोष्ट ती माझ्या शेजारी टोपी घालून बसलेली. माझी जीभ चाचरलीसुद्धा नाही, हे मला अजून आठवतं.

आमचं नाव झालं. मोठं नाही, पण घट्ट. एका वसाहतीतले लोक दुसऱ्या वसाहतीतलं सभागृह ठरवून द्यायचे, आमच्या मागोमाग दीड-दोन तास गाडी चालवत यायचे, येताना डब्यात भाताचे गोळे आणि लोणची आणायचे. एकमेकांना न ओळखणारी माणसं आमच्या कार्यक्रमात मैत्र झाली. आणि या सगळ्याचा जीव होता ती पहिल्या रांगेतली म्हातारी. सुगावारा आजी. त्या लाल रुमाल शिवायच्या. तीन कार्यक्रमांना आलेल्याला एक रुमाल, गळ्यात बांधायला. नंतर नंतर सभागृहात शिरलं की लालच लाल दिसायचं. आजी म्हणायच्या, सकाळी उठायला आता काहीतरी कारण आहे.

मंदार कधी कार्यक्रमाला आला नाही, त्याला ते घोड्याबिड्यांचं आवडत नाही. सुटले. सईला मात्र एकदा नेलं, सात वर्षांची असताना. गाडी थांबण्याआधी मी तिला मराठीत बजावलं, “पुण्याला गेलो होतो ते इथे बोलायचं नाही.” का? “नाही म्हटलं ना!” मग कुणीतरी विचारलंच, तेव्हा खूप भीती वाटली का गं? तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग जपानीत म्हणाली, आठवत नाही. तिला तर पुण्याच्या आजीच्या गच्चीवरचे आंबेसुद्धा आठवत होते. इतकी शहाणी पोर, आणि मी तिच्यावर खूश झाले.

मोरिता-सान आणि सई. त्या दोघींना तेव्हा ठाऊक होतं ते एवढंच. आता पुढचं.

तिसऱ्या हिवाळ्यात कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुगावारा आजींनी मला एकटीला घरी बोलावलं. दोन खोल्या, चहा, सोललेली संत्री. देव्हाऱ्यात मुलाचा फोटो. लाटेत गेला तो, हे मला ठाऊक होतं. सून आहे हे ठाऊक नव्हतं. सून फिलिपिन्सची, नाव लिझा. नात हाना, भूकंपात चार वर्षांची. मुलगा सापडायच्या आधीच लिझा हानाला घेऊन माहेरी निघून गेली होती. आजी एकट्याच रोज एकेका तात्पुरत्या शवागारात जाऊन चेहरे बघत होत्या. तेव्हापासून सुनेशी शब्द नाही. पत्रं यायची, ती बिस्किटांच्या एका डब्यात, न फोडता.

त्या दिवशी मात्र एक पाकीट फोडलेलं होतं. लिझाला जपानी बोलता यायचं, लिहिता येत नसे, पत्र इंग्रजीत. आजी म्हणाल्या, वाचून दाखवता का?

वाचलं. एकेक वाक्य जपानीत करून सांगितलं. लिझाने लिहिलं होतं: मला भीती वाटली. हाना झोपेत किंचाळायची. विमानतळावर मी मागे वळून बघितलं नाही, आता रोज बघते. आई, आम्हाला परत यायचं आहे. तुमच्याजवळ राहायचं आहे. तुम्ही या म्हणालात तरच येऊ.

काय सांगू तुम्हाला? माझंच पत्र होतं ते. फक्त सही दुसरीची.

आजींना नात हवी होती हो. संत्र्याची साल हातात घेऊन त्या तिचे बारीक बारीक तुकडे करत राहिल्या. त्यांच्या मनातून ती गाठ सुटत आलेली मला दिसत होती, नाहीतर त्यांनी पाकीट फोडलं असतं का? मग वर बघून म्हणाल्या, “तुमची मुलगीही तेव्हा एवढीच होती ना? तरी तुम्ही राहिलात. मला खरं सांगा. राहता येत होतं ना?”

त्या मला विचारत होत्या, मी सुनेला माफ करू का? ‘नाही आजी, मी राहिले नव्हते, मीही पळाले,’ असं म्हणा आणि मला सोडवा — हेच त्या मागत होत्या. आणि मी काय बघत होते? मी खुंटीवरचे शिवून ठेवलेले लाल रुमाल बघत होते. पुढच्या सभागृहातल्या टाळ्या. प्रमुखांचा पडलेला चेहरा.

“हो,” मी म्हटलं. “राहता येत होतं.”

एवढंच. ते बोलायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.

आजींनी मान हलवली आणि उत्तर सांगितलं. जपानीत त्यांनी, इंग्रजीत मी, माझ्या कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात. येऊ नकोस. इथे भारतातली एक बाई आहे, तिची मुलगी हानाएवढी. ती राहिली. तुलाही राहता आलं असतं. हानाला जप. मी तिकीट लावलं. स्टेशनजवळच्या लाल पेटीत माझ्याच हाताने टाकलं. पेटीपर्यंत चालायला दहा मिनिटं लागतात; दहा मिनिटं ते पत्र माझ्या खिशात होतं. स्टेशनबाहेर गाडीत मोरिता-सान वाट बघत होत्या. काय काम होतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, संत्री दिली.

त्यानंतरही आम्ही जात राहिलो. आजी रुमाल शिवत राहिल्या. हानाचं नाव त्यांनी माझ्यापाशी पुन्हा काढलं नाही. एकदा मात्र कुणाच्या तरी लहान नातीच्या गळ्यात रुमाल बांधताना त्यांना गाठ मारताच येईना, मी पुढे होऊन मारून दिली. आणखी चार वर्षांनी त्या गेल्या, नव्या सरकारी सदनिकेत, कॅन्सरने. शेवटी जवळ कुणी नव्हतं.

त्यांच्या आठवणीसाठी रुमालवाल्यांनी कार्यक्रम ठरवला. त्याच गावात. सई माझ्यासोबत होती, दारात उभी राहून रुमाल वाटत होती. तिच्यापुढे एक सावळी बाई येऊन थांबली, बरोबर सईच्याच उंचीची मुलगी. मी बघताक्षणीच ओळखलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

लिझा माझ्यासमोर आली आणि कमरेत वाकली, इतकी खाली की तिचे केस पुढे पडले. म्हणाली, “तुम्ही राहिलात. मला नाही जमलं. आईंना सोबत केलीत, त्याबद्दल आभार.” मग सरळ होऊन म्हणाली, “पत्र तुम्हीच लिहिलं होतंत ना? फार सुंदर अक्षर आहे. मी जपून ठेवलंय. आजीने का बोलावलं नाही असं हाना विचारते, तेव्हा वाचून दाखवते.”

सई बाजूलाच होती. तिने माझ्याकडे बघितलं. सातव्या वर्षी बघितलं होतं तसंच, पण या वेळी थांबली. बराच वेळ थांबली. मग हातातले उरलेले रुमाल टेबलावर ठेवून बाहेर निघून गेली. त्यानंतर ती आमच्या एकाही कार्यक्रमाला आलेली नाही, आणि मी तिला ‘ये’ म्हटलेलं नाही.

मी लिझापुढे वाकले. “छे, छे, त्यात काय,” असं इथे म्हणतात, ते म्हटलं.

मग स्टेजवर गेले. प्रमुखांनी माइक घेतला. आता तेही थकले आहेत, पण ते वाक्य त्यांना पाठ आहे. परदेशी लोक विमानं भरभरून जात होते तेव्हा. मोरिता-सानची मान खाली, हात खुंट्यांवर. पहिल्या रांगेत, आजी बसायच्या त्या खुर्चीवर, हाना बसली होती. तिला कळेना काय करायचं, तर लिझाने तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ती टाळ्या वाजवायला लागली. मी टोपी काढून मान वाकवली. टोपी परत घातली आणि पहिलं गाणं सुरू केलं.