दादा खुशीत होता तेव्हाही आजारीच होता

मंडळी, आज दादाला राजारामपुरीतल्या नव्या डॉक्टरांकडे नेलं होतं. उदासीच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत, पण फरक पडत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "हा कधी एकदम खुशीत होता का?"

आई खुलली. "व्हय की! गेल्या उन्हाळ्यात. झोप न्हाय, दमणं न्हाय. रातभर बसून घर रंगवलं, सगळ्या तालमीला मटणाचं जेवण घातलं. लई हसायचा माझा लेक!"

डॉक्टरांनी आणखी बरंच विचारलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मावशी, तोही आजारच होता. कधी टोकाची उदासी, कधी टोकाची खुशी, बायपोलर म्हणतात याला. उपचार बदलावे लागतील."

आम्ही दादाला फक्त उदास असतानाच दवाखान्यात नेत होतो. खुशीत असलेल्या माणसाला कोण नेतं?

आई म्हणाली, "डॉक्टर, रडणं तेवढं काढा की. हसणं ऱ्हाऊ द्या."

दादा खाली बघत म्हणाला, "आये, मला तवा खरंच बरं वाटत हुतं गं."

नवीन गोळ्या आजपासून सुरू केल्या. तुमच्या घरी कुणी हे उपचार घेत असेल, तर कृपया लिहा. तुमचं माणूस आता मनापासून हसतं का? आईला वाचून दाखवायचं आहे.