एक्कावन्न गडूंवरचं नाव

पंढरी तांबट कल्याणच्या बाजारात भांड्यांवर नावं घालायचा. एका भांड्यांच्या दुकानाच्या खालच्या पायरीवर त्याचं गोणपाट अंथरलेलं असे. मांडीवर भांडं, डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात लहानशी हातोडी. एका ठोक्याचं एक टिंब, आणि टिंबाला टिंब लागून अक्षर. मी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा नुसते ठोके मोजत होतो. एका 'सौ.'ला त्यानं छत्तीस ठोके घातले आणि एकही टिंब ओळीबाहेर गेलं नाही. कारखान्यात मापं घेणाऱ्या माणसाला हे पाहून काय वाटतं ते सांगता येत नाही.

ही गोष्ट बावन्न सालची. मी तेवीस वर्षांचा होतो आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन ठाण्याला, माजिवड्याच्या रस्त्यावरच्या टिपणीसांच्या पितळी नळांच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो. मालक हरिहर विनायक टिपणीस. त्यांना सगळे भाऊच म्हणत. भाद्रपद लागायच्या सुमारास त्यांनी मला बोलावलं.

"आनंदा, कारखान्याला पंचवीस वर्षं झाली. आपले नळ विकणारे दुकानदार एक्कावन्न. प्रत्येकाला तांब्याचा एकेक गडू द्यायचा. घटस्थापनेला घरात पोचला पाहिजे. आणि त्यावर माझं नाव. पण असं घाल, की दुकानदाराच्या नातवालासुद्धा वाचता आलं पाहिजे."

"कशानं घालू?"

"ते तू शोध. डिप्लोमा कशाला घेतलास?"

आणि मी बाहेर पडताना म्हणाले, "हे जमलं तर पुढच्या वर्षी मिस्त्री लोकांना हजार पेले वाटू. ज्याची पद्धत पसंत पडेल त्यालाच ते काम."

मी चार पद्धती काढल्या. पत्र्याच्या जाळीतून तैलरंगानं नाव छापायचं, ही पहिली. भांड्याला मेण लावून सुईनं अक्षरं कोरायची आणि तेजाबात, म्हणजे ॲसिडमध्ये, बुडवायचं, ही दुसरी. तिसरी यंत्राखाली ठसा मारायची. पण तयार गडू पोकळ आणि गोल, तो यंत्राखाली चेपला. पेल्याचा पत्रा सपाट असतानाच ठसा मारून घेता आला असता, म्हणून ती पद्धत पेल्यांसाठी राखून ठेवली. चौथी म्हणजे पंढरीचे ठोके.

टिकाऊपणा मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मी राहायचो त्या चाळीत भांडी घासायला गंगुबाई येत. तीन गडू त्यांच्यापुढे ठेवले आणि सांगितलं, रोज दोनदा घासा, राखेनं, चिंचेनं, काथ्यानं, जसं घासता तसंच.

पाचव्या दिवशी त्या रंगाचा गडू माझ्यापुढे आपटून म्हणाल्या, "ह्या रंगात काय जीव नाय बगा. नखानं निघतोय." तेजाबाचं नाव पंधरा दिवसांत फिकं पडत गेलं, चिंच लागली की तांबं उजळायचं आणि अक्षर त्यात बुडून जायचं. पंढरीच्या ठोक्यांना काही झालं नाही. उलट टिंबांत राख बसून नाव जास्तच उठून दिसू लागलं. "ह्ये जायचं नाय," गंगुबाई म्हणाल्या. "माझ्या सासूचं नाव हाय असंच घागरीवर. सासू गेली, नाव हाय."

मी अहवाल लिहिला : ठोक्याची पद्धत, कारण ती पुसता येत नाही.

ऑर्डर द्यायला कल्याणला गेलो तेव्हा पंढरी गप्प गप्प होता. दुकानदारानं त्याला दिवाळीपर्यंत पायरी सोडायला सांगितलं होतं. तिथे काचेचं कपाट यायचं होतं. हजार पेल्यांचं काम मिळालं असतं तर पारनाक्याजवळची एक पडवी त्याला भाड्यानं घेता आली असती. पन्नाशी उलटलेला माणूस, वीस वर्षं उन्हात बसलेला. डोक्यावर स्वतःचं छप्पर, एवढंच त्याला हवं होतं. हे तो बोलला नाही. त्याची बायको रखमाबाई डबा घेऊन आली होती, ती बोलली.

मी चिठ्ठी दिली. तिच्यावर लिहिलं होतं : हरिहर विनायक टिपणीस, ठाणे, १९५२. पंढरीला वाचता येत होतं. त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली.

"किती गडू?"

"एक्कावन्न. सगळ्यांवर हेच नाव."

"कधी पायजेत?"

"घटस्थापनेच्या आधी."

"म्हंजे अमावास्येच्या आत." त्यानं मान हलवली. "वय काय हो?"

मला वाटलं, सहज विचारतोय. "अठ्ठावन्न."

"तसं फार नाय," तो म्हणाला, आणि चिठ्ठी कपाळाला लावून टोपीत ठेवली. मला त्याच्या कामावरच्या श्रद्धेचं कौतुक वाटलं.

नऊ दिवसांत गडू तयार झाले. प्रत्येक गडूच्या पोटात पेंढा, वरून वर्तमानपत्राचा कागद आणि सुतळीच्या दोन गाठी. इतकं सुबक बांधलेलं होतं की मी एकही उघडून पाहिला नाही. ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी काम झालं होतं आणि ते सगळ्यांना दिसावं अशी मला घाई होती. आमचे जुने कारकून त्र्यंबकराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरे, पक्ष चालू आहे. पितरांचे दिवस. या पंधरवड्यात कोणी भेटी धाडतं का? थांब जरा."

"गडूला कसला आलाय पक्ष, त्र्यंबकराव?"

"तुझा डिप्लोमा आहे बाबा. धाड."

मी धाडले. नळांच्या खोक्यांबरोबर एकेक गडू. सोबत जायची भाऊंची पत्रं छापखान्यात अडकली होती. ती मागून टपालानं जाणार होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास खडवलीचे मारुतीशेठ आमच्या हपिसात आले. एरवी टोपीशिवाय न दिसणारा माणूस, पण बोडका. डोळे लाल. मी दाराजवळच्या टेबलाशी होतो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"कसं झालं हो आनंदराव? मागच्या महिन्यात तर माझ्याकडं जेवून गेलेले."

"कोण?"

"अहो, कोण काय विचारताय?"

आत भाऊ पाठमोरे बसून सुपारी कातरत होते. "कोण आलंय रे?" त्यांनी वळून विचारलं.

मारुतीशेठांनी दाराची चौकट धरली. मग ते तिथेच उंबऱ्यावर बसले आणि पिशवीतून गडू काढून त्यांनी पुढे सरकवला, जसा काही तो त्यांना भाजत होता.

भाऊंनी गडू उचलला, उजेडाकडे धरला आणि मोठ्यानं वाचलं. "कैलासवासी हरिहर विनायक टिपणीस. ठाणे. एकोणीसशे बावन्न."

ठोक्यांची अक्षरं फार सुरेख होती. 'कै.' तर सगळ्यात सुरेख.

भाऊंनी गडू टेबलावर ठेवला आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "आनंदा, मी कधी गेलो?"

एक्कावन्न गडू. ठाणे, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, शहाड, थेट कसाऱ्यापर्यंत. मी स्वतः पत्ते लिहिले होते.

"मी दुकान बंद ठेवलं हो काल दिवसभर," मारुतीशेठ म्हणाले. "माझ्या आईनं आंघोळ केली तुमच्या नावानं."

दुपारपर्यंत तीन तारा आल्या. शहाडहून दोघं जण पांढरे कपडे करून आले, आणि भाऊंना जिन्यात बघून त्यातला एक मागे फिरून पायऱ्या उतरू लागला. भाऊंनीच त्याला हाक मारली, "अहो, या, चहा घ्या. मीही घेतोय."

मी कल्याण गाठलं. वाटेत मनात सगळं ठरवून ठेवलं होतं, काय काय बोलायचं. पंढरी पायरीवर होता. मला पाहताच उठून उभा राहिला. "पोचले ना वेळेत? तुमच्या चिठ्ठीत 'कै.' राहून गेलेलं. दुखात राहतं मान्साचं. मी घातलं. त्याचे पैसे धरले नायत."

माझ्या तोंडून एवढंच आलं, "ते जिवंत आहेत."

त्याला ते कळायला वेळ लागला. मग छिन्नी हातातून निसटली आणि पायऱ्यांवरून खणखणत रस्त्यात गेली. ती उचलायला तो वाकला नाही.

"जित्ते हायेत?"

"आहेत."

"आवो, पण एका बाप्याचं नाव, एक्कावन्न भांडी, लोकांना वाटायची, पितरांच्या अमावास्येच्या आत..." त्यानं बोटं मुडपत मला ते सगळं दाखवलं. "लग्न असतं तर दोन नावं सांगता. घरची भांडी असती तर घरात ठेवता. वीस वर्षं झाली मला. असली भांडी एकाच कामाची असतात, साहेब. कुनालाबी विचारा."

मी कोणालाच विचारलं नव्हतं. राख, चिंच, तेजाब, सगळ्याची परीक्षा घेतली होती, आणि गडू कशासाठी आहेत हे ज्याच्या हातून नाव जाणार त्याला सांगितलंच नव्हतं.

"मला त्यांच्याकडं न्या," पंढरी म्हणाला.

"रागावलेत ते."

"रागावू द्या. मला त्यांना जित्तं बघायचंय."

भाऊ घरी ओटीवर बसले होते. शेजारी त्यांच्या थोरल्या बहीण मंदाकिनीबाई, घरात त्यांना अक्का म्हणत. पंढरी अंगणातच थांबला आणि भाऊंकडे नुसता बघत राहिला; हाताकडे, तोंडाकडे, श्वासाकडे. मग जमिनीला डोकं टेकून तो रडू लागला. असा प्रौढ माणूस रडताना मी पाहिला नव्हता. भाऊ काहीतरी कडक बोलायच्या तयारीत होते, ते तसेच राहिले.

"पुसता येईल का ते?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ठोका पुसत नाय, मालक. घासला तर भांडं फाटंल."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या अहवालातलं वाक्य त्यांना पाठ असावं.

"म्हणजे आता हजार पेल्यांना यंत्रच बरं," ते म्हणाले. "यंत्र आपल्या मनाचं काही घालत नाही."

मी म्हणालो, "भाऊ, चूक माझी आहे. त्यांना मी काही सांगितलंच नव्हतं."

"ते कळलंय मला. तुझ्याशी नंतर बोलतो."

"हरी, पुरे," अक्का म्हणाल्या. "खोटी वार्ता उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. तुझी तर एक्कावन्न घरांत उठली. आता आम्हाला पोचवूनच जाशील तू."

भाऊंना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. "काय रे," ते पंढरीला म्हणाले, "माझं नाव घालताना तुझ्या मनात काय होतं?"

पंढरीनं डोळे पुसले. "मेल्या मान्साचं नाव घालताना मी पान खात नाय. तुमच्यापायी नऊ दिस नाय खाल्लं. पयल्या दिशी वाटलं, कोन असंल. मग वाटलं, एक्कावन्न लोकांना आठवन द्यायची म्हंजे मानूस चांगला असनार. मग नीट घातलं."

भाऊंनी सुपारीचा अडकित्ता उघडला आणि तसाच मिटला. जिवंतपणी आपल्या मागचं बोलणं ऐकायला मिळालेला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. फार एकटा दिसतो.

पंढरी ओटीवर ठेवलेला मारुतीशेठांचा गडू घेऊन अंगणातल्या नळाशी गेला. नळ आमच्याच कारखान्याचा होता. तो त्याच्यासमोर उकिडवा बसला, नळाची मूठ फिरवली, बंद केली, पुन्हा फिरवली. मग कमरेची हातोडी आणि दुसरी छिन्नी काढून, गडू मांडीवर घेऊन ठोकू लागला. आम्ही तिघंही त्याच्या डोक्यावर वाकून उभे होतो. 'क'च्या दोन बाजू भरून त्याचं नळाचं पोट झालं. एक बाजू पुढे ओढून तिची चोच केली. वरच्या दोन मात्रा जाड होऊन मूठ झाली. शेवटी राहिलं 'कै'पुढचं टिंब. त्याला त्यानं हात लावला नाही. ते नळाच्या चोचीखाली होतं, आणि आता तो थेंब होता.

भाऊंनी गडू हातात घेतला. अंगठा नळावरून फिरवला, मग नावावरून.

"हजार पेल्यांवर हे घाल," ते म्हणाले. "फक्त नळ आणि थेंब. माझं नाव नको."

"नाव नको?"

"नको. नळाचं सुतक कोणी धरत नाही."

"मग यंत्र?" मी विचारलं. माझं मलाच कळेना, आताच हे का विचारलं.

"यंत्राला हा नळ सुचला असता का?"

पुढचे आठ दिवस मी आणि पंढरी गावोगाव हिंडलो. प्रत्येक दुकानाच्या दारात तो बसायचा, ठोकायचा, आणि दुकानदाराला सांगायचा, "जित्ते हायेत. मी बघून आलोय." अठ्ठेचाळीस गडू सुधारले. दिवाळीच्या आधी पंढरीनं पायरी सोडली आणि पारनाक्याजवळच्या पडवीत गोणपाट अंथरलं. कोणी नाव घालायला आलं की तो आधी भांडं खाली ठेवून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचा आणि विचारायचा, "ह्ये कुनाचं? आनि ते हायेत ना?" लोक चिडायचे. तो विचारायचं सोडत नसे.

तीन गडू मात्र हाती लागले नाहीत. आम्ही पोचायच्या आतच ते भटजींना दान दिलेले होते, आणि भटजींनी ते पुढे कोणाला दिले हे कोणालाच सांगता आलं नाही. पंढरी पुढेही बाजारात तांब्याचा जुना गडू दिसला की आधी उलटा-सुलटा करून बघायचा.