सासूबाईंची कॅसेट

आमचे हे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतात, आणि मी तिथेच ग्रंथपाल. सासूबाई तरुणपणी कापडाच्या कारखान्यात होत्या. तिथे आग लागली, बावीस बायका गेल्या, सासूबाई खिडकीतून उडी मारून वाचल्या. ह्यांनी त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून सगळं बोलतं केलं. "दाराला बाहेरून कुलूप होतं. आम्ही हाका मारत होतो, मुकादम ऐकत उभा होता." वीस वर्षं नववीला हे तीच कॅसेट दाखवत आले.

पुढे सासूबाईंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. आवाज उरला तो त्या कॅसेटमध्ये.

अशात ह्यांचा लाडका विद्यार्थी आला. आमच्याच घरी खाऊनपिऊन मोठा झालेला. आता शाळांसाठी इतिहासाच्या फिल्म बनवतो. म्हणाला, "सर, आजींचं बोलणं शाळाशाळांत पोचवतो." मी म्हटलं, आधी कॉपी काढून ठेवा. तर हे माझ्यावरच उखडले. "इतिहासात मूळ साधनाला किंमत असते, नकलेला कोण विचारतं? आणि तो काय परका आहे?" दिली कॅसेट त्याच्या हातात.

फिल्म आली. पडद्यावर सासूबाईंचे ओठ हलतायत आणि वरून कुणा पुरुषाचा गुळगुळीत आवाज: "घाबरून चेंगराचेंगरी झाली आणि अनर्थ घडला." कुलूप नाही, मुकादम नाही. शेवटी पाटी आली, त्यात कारखान्याच्या मालकांचे आभार. ह्यांनी लगेच फोन लावला. "सर, तुमच्या कॅसेटला बुरशी आली होती, टाकून दिली." मेल्याची जीभसुद्धा अडखळली नाही. हे दोन दिवस धड जेवले नाहीत आणि आईच्या खोलीत जायचं टाळत राहिले.

वरून हुकूम, फिल्म नववीला दाखवायचीच. ह्यांनी दाखवली, पण आवाज बंद करून. पडद्याशेजारी उभं राहून सासूबाईंच्या ओठांबरोबर त्यांचे शब्द स्वतः बोलले. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी मागे उभी राहून ऐकत होते.

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "सर, त्या हेच बोलतायत, याला पुरावा काय?"

समोर कुणी काहीही सांगो, पुरावा मागायचा, असं ह्यांनीच तर दरवर्षी पहिल्या तासाला शिकवलेलं. चांगली शिकली होती पोर.

ह्यांनी फिल्म थांबवली. मग म्हणाले, "नाही, पुरावा नाही," आणि तिला शाबासकी दिली.