आठ नसलेला आकडा

नांदेडच्या डॉक्टरांनी बाबांना एक ते दहा म्हणायला सांगितलं. बाबांनी शेवटी "सहा, सात, नऊ, दहा" असं म्हणून टाकलं. डॉक्टर काहीतरी लिहायला लागले, तशी आई चिडली. "ह्यांच्या आकड्यात आठ न्हाईच हो!"

बाईचं डोकं फिरलंय असंच त्यांना वाटलं असणार. पण ती खोटं बोलत नव्हती. बाबा हट्टा गावच्या शाळेत गणित शिकवायचे, आणि १२३४५६७९ हा त्यांचा लाडका आकडा. आम्हा पोरांचे एवढे लाड झाले नाहीत. त्याला नवानं गुणा, ओळीनं नऊ एक उभे राहतात. अंकांची बेरीज सदतीस, आणि सदतीसनंच त्याला भाग जातो. एकाला एक्क्याऐंशीनं भागायला बसा. दशांश चिन्हापुढं शून्य आणि हाच आकडा, परत शून्य आणि परत हाच, कधी संपतच नाही. "गुरुजी, आठ कुठं गेला?" पोरं विचारायची. "जातो कुठं? मागून हातचा येऊन मिळाला, म्हून त्याचा नऊ झाला."

ज्याचा एखादा अंक वाकडा यायचा, त्याला तो अंक नवानं गुणायला लावत आणि जे येईल त्यानं हा आकडा गुणायला लावत. उत्तरात तोच वाकडा अंक नऊ वेळा काढावा लागे. पोरं शिव्या देत, पण अक्षर सुधारे.

त्यामुळं गेलं वर्षभर बाबा पोळ्या मोजताना आठ गाळायचे, तेव्हा आम्ही हसत होतो. गुरुजींची मस्करी! आई तर शेजारणींना कौतुकानं सांगायची. दवाखान्यातून वसमतला परतताना बसमध्ये मला पहिल्यांदा भीती वाटली. ही मस्करी नसली तर? आईला विचारायची हिंमत झाली नाही. ती खिडकीबाहेर बघत डॉक्टरांनाच नावं ठेवत होती.

घरी आल्याबरोबर तिनं बाबांपुढं कागद आणि पेन आपटलं. मला म्हणाली, "विचार त्यांना. होऊन जाऊ दे."

मी म्हणाले, "बाबा, माझा सात वाकडा येतो."

बाबा ताठ बसले. "सात नवे त्रेसष्ट," म्हणत त्यांनी आकडा मांडला. आठ नाही, बाकी सगळे जागच्या जागी. खाली त्रेसष्ट. ओठ हलवत, बोटांवर हातचे धरत त्यांनी गुणाकार पुरा केला. एका ओळीत नऊ सात, एकापेक्षा एक देखणे.

"बघ! बराबर हाय का न्हाई?" आईनं कागद उचलून माझ्या तोंडासमोर नाचवला. "म्हणं डोकं चालंना! त्या डॉक्टरलाच शिकवतील हे." मला हसू आलं आणि रडूही. बसमध्ये लागलेला घोर उतरला होता.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको, पोरी. सुधारंल तुझा सात. जा आता घरी, तुझे वडील वाट बघून राहिले असतील."