केळीच्या दोन ओळी

पाचोऱ्याकडचे नाना केळीचे जुने बागायतदार. पंगतीत केळीचं पान समोर आलं की आधी ते उलटं करून बघणार, मगच जेवणार. केळी परिषदेसाठी आम्ही तंजावरला गेलो, तिथे त्यांचा सत्कार होता. सकाळी मोठं देऊळ बघायला निघालो, तर ते रस्त्याकडेच्या बागेपाशी थांबले.

"करपा शे भाऊ, बठ्ठा बाग जाई."

बागवाल्याला मराठी येत नव्हतं आणि नानांना तमिळ. सगळा बाग वाचावा म्हणून नानांनी खिशातला चाकू काढून करप्यानं डागाळलेली पानं कापून दाखवली, मग दोघंही कापत राहिले. मी एकटाच सभागृहात गेलो. त्यांचं नाव तीनदा पुकारलं, शेवटी शाल मी घेतली.

दुपारी ती बागेत नेऊन त्यांच्यापुढे धरली.

"तूच धर, भाऊ. मना हातले चीक शे, नि दोन ओळी बाकी शेतस."